कानातले सांधे: हाडं पाठ केलीत, सांधे राहिले!

नमस्कार! हातोडी, ऐरण, रिकीब. शाळेत घोकलेली ही नावं अजून आठवत असतील. पण ही हाडं एकमेकांना जोडतात ते सांधे? कान बिघडतो तेव्हा गडबड कधीकधी तिथेच असते.

आधी आकार बघा. हा माझ्या बोटावर तांदळाचा दाणा. रिकीब याच्या निम्मी, जेमतेम ३ मिलिमीटर. शरीरातलं सगळ्यात लहान हाड.

हातोडीचा दांडा कानाच्या पडद्यात रुतलेला असतो आणि तिचं डोकं ऐरणीला टेकतं. हा पहिला सांधा. नेहमीच्या आवाजाला ही दोन्ही हाडं जवळजवळ एकत्रच हलतात. विमान उतरताना पडदा आत दाबला गेला, की मात्र सांधा जरा सरकतो आणि सगळा दाब रिकिबीवर जात नाही.

दुसरा सांधा ऐरण आणि रिकिबीचा. उखळीचा सांधा, खांद्यासारखाच, पण अगदी चिमुकला. ऐरणीचा लांब दांडा इथे येऊन संपतो. तो बारीक, रक्तपुरवठाही बेताचाच. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला, तर बहुतेकदा हाच आधी झिजतो. साखळी तुटते. मग पडदा धड असला तरी ६० डेसिबलपर्यंत ऐकू कमी येऊ शकतं. त्यामुळे कान वाहतोय म्हणून कोणी तेल कोमट करायला ठेवलं असेल, तर आधी गॅस बंद करा आणि ईएनटी गाठा!

तिसरा सांधा मला सगळ्यात भारी वाटतो. रिकिबीची तळपट्टी आतल्या कानाच्या खिडकीत बसते, भोवती लवचीक तंतूंचं कडं. पडद्याचा थरथरणारा भाग तळपट्टीच्या साधारण १७ पट मोठा, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा. म्हणून आतल्या द्रवावर दाब सुमारे २२ पट पडतो. हवेतला आवाज पाण्यात शिरवायचा, तर एवढा जोर लागतोच.

ऑटोस्क्लेरोसिस या आजारात या कड्याशी नवं हाड वाढतं आणि रिकीब जखडते. १९५६ साली अमेरिकेत जॉन शी यांनी जखडलेली रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. आता सहसा तळपट्टीला मिलिमीटरहून लहान भोक पाडतात आणि त्यात पिस्टन, म्हणजे बारीकशी कृत्रिम दांडी, सोडतात. त्याचं दुसरं टोक अडकवतात ऐरणीच्या त्याच लांब दांड्याला. तो झिजलेला असेल, तर सर्जनचं काम अवघड होतं.