दोन्ही हात पानावर

(दृश्य: सदाशिव पेठेतलं जुनं घर. टेबलावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे, मधे उलगडलेलं बासन.)

पोथीची पानं सुटी असतात. पंख्याच्या वाऱ्याने उडतात, कडेला वळतात, जुनी असली की बोट लागताच तुकडा पडतो. अशा पानाचा फोटो काढायचा तर दोन्ही हात पानावरच हवेत. मग कॅमेऱ्याचं बटण दाबायचं कुणी? इथे ते काम बोललेलं ऐकणाऱ्या एआय सहायकाकडून करून घेतलंय.

पुण्याला जुन्या कागदांची कदर आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, भांडारकर संस्था १९१७ सालची. तरी पेठांतल्या माळ्यांवर, ट्रंकांमध्ये बरंच काही राहिलंय. या घरातल्या मावशी संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. ट्रंक त्यांनी उघडली, कॅमेऱ्याची जोडणी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने करून दिली.

(ध्वनी: मावशी – "उजेड जरा कमी कर. हं, आता काढ.")

नुसता फोटोच काढायचा असता तर पायाने दाबायचा स्विच पुरला असता. स्वस्तही पडला असता. प्रश्न उजेडाचा आहे. तो कमी-जास्त करायच्या वाटा तीन: अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील). अ‍ॅपर्चर मोठं केलं तर वळलेल्या पानाची कड धूसर होण्याची भीती. आयएसओ आधीच १०० वर, म्हणजे तळाला आहे. उरलं शटर. कॅमेरा स्टँडला घट्ट असल्यामुळे ते संथ केलं तरी कॅमेरा हलत नाही. भाच्याने हे सगळं सहायकाला आधीच लिहून दिलंय: कमी-जास्त करायचं ते शटरनेच, आणि एका वेळी स्टॉपचा (उजेड निम्मा किंवा दुप्पट करणारी पायरी) तिसरा हिस्सा. म्हणून मावशींच्या "जरा"ला १/६० सेकंदाचं १/८० होतं. ही सूचना नसेल तर सहायक स्वतःच्या मनाने काहीतरी एक फिरवतो. बहुतेकांचा हिरमोड होतो तो इथेच.

सहायक कॅमेऱ्याला थेट शिवत नाही. मावशींचं बोलणं ऐकून तो एवढंच कळवतो, की शटर अमुक करा. ती आज्ञा टेबलाखालच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा प्रोग्राम उचलतो आणि जीफोटो या मुक्त सॉफ्टवेअरमार्फत यूएसबी केबलमधून कॅमेऱ्याला देतो. जीफोटोला दोन हजारांहून जास्त कॅमेरे कळतात, कारण त्यातले बरेचसे पीटीपी नावाचा एकच प्रोटोकॉल (कॅमेरा आणि संगणकाने बोलायची ठरलेली पद्धत) पाळतात. तो प्रमाणित झाला २००० साली. एआय मॉडेलला बाहेरची साधनं जोडून द्यायची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिकने जाहीर केली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. या जोडणीत नवं आहे ते एवढंच. मावशींचा डीएसएलआर जुनाच आहे.

(दृश्य: कॅमेऱ्याच्या डोक्यावरची चकती.)

(ध्वनी: भाचा – "मावशी, ही 'एम'वरच, म्हणजे मॅन्युअलवरच राहू दे हं.")

ही चकती बहुतेक कॅमेऱ्यांत हातानेच फिरवावी लागते, लेन्सवरचं ऑटोफोकसचं बटणही. सुरुवातीला तर कॅमेरा सापडतच नव्हता. केबल जोडली रे जोडली की संगणकाची फोटो उघडायची सोय आधी त्याचा ताबा घ्यायची. ती बंद केल्यावर काम सुरू झालं.

भिगवणला रोहित पक्षी टिपायला ही जोडणी नेऊ नका. उत्तराला काही सेकंद लागतात, पक्षी तेवढे थांबत नाहीत. पोथी थांबते.

फोटो कसा आलाय, असं सहायकाला विचारलं तर तो फार पटकन "छान" म्हणतो. तेव्हा उजेडाचा हिशेब प्रोग्रामच हिस्टोग्राम (फोटोत किती उजळ, किती काळं याचा आलेख) मोजून करतो, आणि पानांची यादीही तोच ठेवतो. पोथीत पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूला लिहिलेला असतो, त्यामुळे पुढची बाजू नुसती पाहून कितवं पान ते कळत नाही. मावशी पान उलटताना बोलतात, "तेवीस, मागची", आणि फाइलला तेच नाव पडतं. माझ्या मते या खटाटोपाची खरी कमाई ही आहे. पायाच्या स्विचला नाव सांगता येत नाही.

सहायकाच्या हाती कोणत्या आज्ञा द्यायच्या, हे भाच्याने ठरवलं. पुसायची आज्ञा त्यात नाही, कॅमेऱ्याला ती कळत असली तरी.

(ध्वनी: मावशी – "माझी सावली पडली बघ. हा फोटो काढून टाक."
सहायक – "पुसण्याची सोय माझ्याकडे नाही. नावापुढे 'रद्द' लावू का?"
मावशी – "लाव. आणि परत काढ.")