सरकी, ढेप आणि रिकामा कोठा

(पहाट. कळमना बाजार. ट्रॉल्यांची रांग, दिव्यांच्या उजेडात सोयाबीनचे ढीग.)

दिवाळी होऊन आठवडा झालाय. नागपूरच्या कळमना बाजारात काटोल, सावनेर, उमरेड, कुहीकडच्या गाड्या रात्रीच येऊन लागल्यात. शेतकरी आपापल्या ढिगाशेजारी शाल गुंडाळून बसलेत. हमालांचा चहा चाललाय. लिलावाला अजून वेळ आहे.

(व्यापाऱ्याचा हात ढिगात कोपरापर्यंत जातो.)

वरचा माल कुणी बघत नाही. हात खोल घालून आतला माल वर काढतात. एक दाणा दाताखाली धरतात. कट्‌कन फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. मग ओलावा मोजायचं छोटं यंत्र येतं आणि त्या आकड्यावर सगळ्यांची नजर खिळते. सरकारी खरेदीत सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. परतीचा पाऊस लांबला की पंधरा, अठरा टक्के ओलावा सहज भरतो. शेतकऱ्यापुढे मग दोनच वाटा. माल परत नेऊन वाळवायचा, नाहीतर इथंच मिळेल त्या भावात मोकळं व्हायचं. गाडीभाडं भरून आलेला माणूस माल परत नेत नाही.

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. आदल्या वर्षी तो 4,892 होता आणि त्या हंगामात खुल्या बाजारात चार हजारांच्या आसपास सौदे झाले. हे सगळं 2021 च्या ऑगस्टशी ताडून बघा. तेव्हा याच सोयाबीननं दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. गावागावांत लोक म्हणत होते, यंदा ट्रॅक्टरचं कर्ज फिटतं.

मग काय झालं?

(ब्रॉयलर कोंबड्यांची शेड. खाद्याच्या भांड्यांवर तुटून पडलेले पक्षी.)

त्याचं उत्तर इथं आहे, या शेडमध्ये. सोयाबीन आपण तेलबिया म्हणून ओळखतो, पण शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा किलो. बाकी ऐंशी किलोच्या आसपास पेंड. आणि ही पेंड म्हणजे कोंबडीच्या खाद्यातलं प्रथिन. मका आणि सोयापेंड या दोन खांबांवर अख्खा पोल्ट्रीधंदा उभा आहे आणि त्यातल्या एकूण खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा. 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा पोल्ट्रीवाले अक्षरशः रडकुंडीला आले. त्यांची मागणी ऐकून केंद्रानं त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकात बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवं पीक बाजारात आलं तोवर भाव निम्म्याजवळ उतरला होता. डिसेंबरात बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदेही, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदेही, थांबवले आणि ती बंदी पुढं वाढतच गेली. पेरताना शेतकऱ्याला पुढच्या चार महिन्यांचा जो काही अंदाज घेता यायचा, तोही गेला.

पोल्ट्रीवाल्याला मी दोष देणार नाही. तोही आपल्याच गावचा आहे. बँकेचं कर्ज काढून शेड बांधतो, कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, चाळीस-बेचाळीस दिवस तो रात्रंदिवस राखण करतो आणि शेवटी किलोमागे ठरलेली वाढणावळ घेतो. आफत मात्र कुठूनही येते. 2025 च्या जानेवारीत नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं समोर आलं. अशी एक बातमी आली की लोक चिकनकडे पाठ फिरवतात.

आता एक नवं वळण बघा. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मक्यापासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. आधी मका महागला, तेव्हा पोल्ट्रीवाले पुन्हा अडचणीत. पण इथेनॉल काढून झाल्यावर मक्याचा प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. डीडीजीएस म्हणतात त्याला. तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त, म्हणून खाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला. पेंडीला उठाव कमी, म्हणून सोयाबीनला भाव कमी. कळमन्यात ढिगाशेजारी बसलेल्या माणसाच्या भावात असा इथेनॉलच्या कारखान्याचाही हात आहे, आणि हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

(जिनिंगचं आवार. पांढऱ्या कापसाचे डोंगर. पट्ट्यावरून घरंगळणारी सरकी.)

आता कापूस. नागपूर आणि कापूस यांचं नातं जुनं. जमशेदजी टाटांनी 1877 साली इथं एम्प्रेस मिल काढली ती कापूस दाराशी होता म्हणून. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही 1976 पासून याच शहरात आहे.

कापसाचा भाव आपण नेहमी धाग्याच्या अंगानं बोलतो. मला आज त्याच्या बीबद्दल बोलायचंय. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते चौतीस किलोच्या आसपास. साठ किलोच्या वर निघते सरकी. म्हणजे आपण बंडी भरून जे नेतो त्यात वजनानं जास्त वाटा सरकीचाच. सरकी घाण्यात गेली की शंभर किलोमागे दहा-बारा किलो तेल आणि बाकी बहुतेक ढेप. ही ढेप म्हणजे आपल्याकडच्या दुभत्या जनावराचं मुख्य खाणं. दुधाला घट्टपणा येतो, फॅट लागतं, तो या ढेपेवर. तिचा वायदा होतो तोही अकोल्याच्या भावावर.

माझं गाव नरखेड तालुक्यातलं. आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. आमच्या कोठ्यात दोन बैल, तीन गाई, एक म्हैस असायची. संध्याकाळी आई लोखंडी घमेल्यात ढेप भिजवायची. तासाभरात ती फुगून वर यायची आणि तिचा तो खमंग, तेलकट वास घरभर पसरायचा. गाय दावणीला हिसके द्यायला लागायची. आई हातानं ढेप कुस्करायची, गुठळी राहू द्यायची नाही. हाताला आलेलं तेल ती कोपरापर्यंत चोळून घ्यायची.

आज हिशेब असा आहे. कापूस आपण विकतो हंगामात, सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा, म्हणजे भाव पडलेला असताना. ढेप आपण घेतो उन्हाळ्यात, चारा संपलेला आणि ढेप चढलेली असताना. आपल्याच वावरातली सरकी आपल्याच कोठ्यात परत येताना व्यापारी, जिनिंग, तेलघाणी, किराणा असे चार हात फिरून येते आणि प्रत्येक हाताचं काही ना काही तिला चिकटलेलं असतं. मला वाटतं, विदर्भातल्या शेतीच्या तोट्यातला एक मोठा भाग या फेऱ्यात आहे.

2022 च्या उन्हाळ्यात कापूस दहा-बारा हजारांवर गेला. पुढं तो उतरत गेला आणि सात हजारांच्या आसपास घोटाळला. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि मध्यम धाग्याचा 7,710 ठरला. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या महिन्यांत बाहेरचा कापूस स्वस्त. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. पुढं दर टक्क्याला एक टक्का कापतात, म्हणजे लांब धाग्याला क्विंटलमागे एक्याऐंशी रुपये. बाराच्या वर गेलं की गाडी परत. पहिल्या वेच्याचा दवानं भिजलेला कापूस आठ टक्क्यांत बसवणं किती अवघड असतं, हे ज्यानं वेचलाय त्यालाच विचारा.

(पोळ्याच्या आदली संध्याकाळ. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद.)

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकताना हे म्हणायचं. वर्षभर जूवाखाली राहिलेल्या खांद्यावरून मऊ हात फिरवत म्हणायचं. माझे वडील हे म्हणताना डोकं झाकून घ्यायचे, देवासमोर झाकतात तसं.

2019 च्या विसाव्या पशुगणनेत एक आकडा आहे. देशातली नर गोवंशाची संख्या 2012 मध्ये पावणेसात कोटींच्या घरात होती. सात वर्षांत ती पावणेपाच कोटींवर आली, जवळजवळ तीस टक्के घट. त्याच काळात गाई अठरा टक्क्यांनी वाढल्या. देशी जनावरं घटली, संकरित वाढली. या आकड्यांचा अर्थ आमच्या गावात उभं राहूनही कळतो. पोळ्याच्या तोरणाखाली पूर्वी साठ-सत्तर जोड्या उभ्या राहायच्या. गेल्या पोळ्याला मी मोजल्या. अकरा.

तान्हा पोळा मात्र दणक्यात होतो. दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल घेऊन गल्लीत निघतात, भोसल्यांच्या काळापासूनची नागपूरची रीत. माझ्या पुतणीच्या हातात सुंदर रंगवलेला लाकडी बैल होता. खऱ्या बैलाजवळ जायला ती घाबरत होती.

बैल का गेले? ट्रॅक्टर आला, हे खरं. दोन तासांत ट्रॅक्टर जे करतो त्याला जोडीला दोन दिवस लागतात. राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. त्यानंतर थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही आणि त्याला मरेपर्यंत पोसायचा खर्च घरावर आला. ज्याच्याकडे चारा आहे तो आनंदानं पोसतो. चारा नाही त्यानं काय करायचं?

आणि चारा का नाही, ही खरी गोष्ट आहे.

(रिकामं शिवार. सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा ढीग, त्यात तोंड न घालता उभी असलेली गाय.)

इथं पूर्वी ज्वारी होती. भाकर माणसाला, कडबा जनावराला. एका पिकात दोघांचं पोट. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं, हातात रोख पैसा आला आणि ज्वारी मागं पडत गेली. जी थोडी उरली ती पाखरांनी आणि रानडुकरांनी नकोशी केली. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, पण नाइलाजानं. कडब्याची पेंडी समोर टाकली की गाय जशी मान खाली घालून चरत राहते, तशी ती कुटाराला लागत नाही. पीक बदललं तेव्हा क्विंटलच्या भावाचा विचार झाला. कोठ्यातल्या चाऱ्याचा हिशेब कुणी मांडला नाही. आम्हीही नाही मांडला.

गवळाऊ ही आपल्या भागातली गाय. पांढरी, उंच पायांची, चालायला चपळ. नागपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मानेवरून मागं गेलेली. दोन्ही जाती या उन्हात टिकणाऱ्या. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात संकरित गाय धापा टाकते, तिला पंखा आणि पाणी लागतं. दूध जास्त देते हे कबूल. पण उन्हाळ्यात तिचं दूध उतरतं आणि ढेप चढते, दोन्ही एकाच महिन्यात.

(दुपार. गावाबाहेर बकऱ्यांचा कळप.)

बकरीचं चित्र वेगळं आहे. 2012 ते 2019 मध्ये देशातल्या बकऱ्या दहा टक्क्यांनी वाढल्या. ती ढेप मागत नाही. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा पाला खाते, बोरीबाभळीवर जगते. शाळेची फी, दवाखाना, पेरणीचं बियाणं, अडलं की एक बोकड विकायचा. नागपूरच्या सावजी भोजनालयांना मटण कायम लागतं, त्यामुळे भाव कोसळल्याचं सहसा ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे वावर नाही अशा घरांना बकरीनं खरोखर तारलंय.

(पुन्हा संध्याकाळ. गावातलं दूध संकलन केंद्र.)

राज्याच्या दुधात विदर्भाचा वाटा थोडाच. बहुतेक दूध पश्चिम महाराष्ट्रात आणि अहिल्यानगरकडे. 2016 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साथीनं विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला तेव्हा आमच्या भागात गावोगावी संकलन केंद्रं आली. जनावरांचं आणि मत्स्यशास्त्राचं राज्याचं विद्यापीठ तर 2000 सालापासून नागपुरातच आहे. दूध घ्यायला कुणी नाही, ही सबब आता बऱ्याच गावांत उरलेली नाही. 2024 मध्ये दुधाचे भाव पडले तेव्हा राज्यानं गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच, मग सात रुपये अनुदान दिलं. जनावरांच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद असेल त्यालाच ते मिळायचं.

कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. बाजार पडलेला असताना ज्याच्या कोठ्यात दोन दुभत्या गाई आहेत तो कापूस घरात ठेवू शकतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबू शकतो. ज्याचा कोठा रिकामा आहे त्याला नोव्हेंबरातच ओला कापूस विकावा लागतो, कारण किराणा थांबत नाही. मी आमच्याच गल्लीत शेजारी शेजारी असलेल्या दोन घरांत हे पाहिलंय. जमीन सारखी, पीक तेच, भाव वेगळा.

(यंत्राचा आवाज. कागदाची छोटी चिठ्ठी बाहेर येते.)

माझी वहिनी रांगेत उभी आहे. सहा लिटर दूध. केंद्रावरचा मुलगा नमुना यंत्राखाली धरतो, चिठ्ठी छापून येते. फॅट 3.4. साडेतीन असतं तर पूर्ण दर लागला असता. वहिनी चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचते, पदराच्या टोकाला बांधते आणि किटली उचलते. वाटेत किराण्याच्या दुकानासमोर थांबते. ढेपेचं पोतं दारातच ठेवलंय. ती भाव विचारते, ऐकून घेते आणि आज अर्धंच पोतं मागते.