सहा महिने, अकरा महिने… पुढे काय?

नाशिकमध्ये काम नाही, असं कुणी म्हणणार नाही. सातपूर, अंबड, सिन्नरला कारखाने आहेत. ओझरला लढाऊ विमानं बांधली जातात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. तरीही पेठ, सुरगाणा, कळवणकडची पोरं आयटीआय नाहीतर बी.ए. करून शहरात आली, की कंपनीच्या गेटवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. अनुभव किती? कुणी कामावर घेतलंच नाही, तर अनुभव यायचा कुठून?

ही कोंडी फोडायला राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. मुलींनाही ती तितकीच लागू, पण लोकांच्या तोंडी बसलं ते ‘लाडका भाऊ’ हे नाव. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नको. बारावी पास असेल तर महिन्याला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000, पदवीधराला 10,000. हे विद्यावेतन सरकार थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करतं. मुदत आधी सहा महिन्यांची होती. 2025 मध्ये ती पाच महिन्यांनी वाढली.

सरकारी पैशातून हाताला काम, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. 1972 च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर माती वाहायला गेली. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा प्रश्न चुलीचा होता. मजुरी हातात पडली, की योजनेने आपलं काम केलं असं म्हणता येत होतं. इथे तेवढ्यावर भागत नाही. इथे बघायचं ते एवढंच, की पोराच्या हाताला काही येऊ लागलं का?

अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये येऊ या. या योजनेतली, दिंडोरीकडची एक मुलगी रोज एसटीने येते. महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून ते जमतं. गावाकडून आलेल्या मुलांना ती सवलत नाही. खोलीभाडं आणि डब्याचे पैसे गेले, की 8,000 मधलं फारसं उरत नाही.

मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला लोखंडी भाग, तिच्या हातात आहे. व्यास हवा 25 मिलिमीटर. ती मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावते.

“काका, 25.01 येतंय.”

“हात लावून बघ. गरम आहे ना? निवू दे जरा, मग घे माप. आणि पिळू नकोस गं, टोकाची फिरकी, रॅचेट, वाजली की थांबायचं.”

जॉब निवतो. ती पुन्हा माप घेते. बरोबर 25.

लोखंड तापलं की फुगतं, हे तिने शाळेतच पाठ केलं होतं. मिलिमीटरच्या त्या एका शतांशापायी चांगला जॉब रिजेक्ट होतो, हे तिला आज कळलं. तिला शिकवणारे हे काका या मशीनवर सेटर आहेत, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारे. योजनेच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही, त्यांना याचे वेगळे पैसेही नाहीत. माझ्या मते ही योजना चालते ती अशा माणसांच्या जिवावर. जिथे असा माणूस नसतो, तिथे ट्रेनी खोकी उचलतो, झाडू मारतो आणि महिना भरतो.

आता दुसरं टोक बघू. सरकारी कार्यालयांतही प्रशिक्षणार्थी घेतले, ग्रामपंचायतींतही घेतले. गावच्या कार्यालयात एक पदवीधर मुलगा संगणकासमोर बसलाय. घरपट्टीच्या नोंदी करतो, जन्माचे दाखले काढून देतो. ग्रामसेवकाकडे आणखी एका गावाचा कारभार. त्यामुळे म्हातारी माणसंही येऊन यालाच विचारतात, “साहेब, माझ्या कागदाचं काय झालं?” अकरा महिने हा मुलगा गावाचा साहेब असतो. मुदत संपली, की त्याच्या हातात प्रमाणपत्र येतं आणि संगणक बंद होतो.

कायम करा, ही मागणी घेऊन राज्यभरातले प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, ते यामुळेच. हे प्रशिक्षण आहे, नोकरीचा हक्क नाही, असं योजनेत आधीपासून लिहिलेलं होतं. ते खरंच आहे. पण जे काम रोज लागतं, ज्याच्यावाचून लोकांचे दाखले अडतात, ते काम विद्यावेतनावर करून घ्यायचं आणि नंतर खुर्ची रिकामी ठेवायची, हे त्या मुलावरही अन्यायाचं आणि गावावरही. काम आहे, तर तिथे पद मंजूर करून रीतसर भरती व्हायला हवी.

आणखी एक अट आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. या योजनेचा लाभ एकदाच घेता येतो. चुकीच्या जागी महिने गेले, तर ते गेलेच. म्हणून रुजू होण्याआधी विचारा, शिकवणार कोण? काम कोणतं? मशीनला हात लावू देणार का? आणि प्रमाणपत्रावर नुसतं ‘प्रशिक्षण पूर्ण’ नको. कोणतं मशीन चालवलं, कोणती नोंदवही सांभाळली, ते त्यात लिहून मागा. पुढच्या गेटवर अनुभव विचारतील, तेव्हा तेच दाखवायचं आहे.

सरकारकडेही एक मागणं आहे. किती जण रुजू झाले, हे आपण ऐकत आलो. आता मुदत संपलेल्या प्रत्येकाला जिल्ह्याच्या रोजगार केंद्रातून फोन जाऊ दे. काम मिळालं का, कुठे, किती पगारावर? नाशिकचं उत्तर नाशिककरांना वाचायला मिळू दे, तालुक्यानुसार, सुरगाणा-पेठसकट.