दाट आडोशातला मासा आणि जिगची निवड

मित्रहो, बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. पानशेत, वरसगाव किंवा उजनीच्या पाण्यात तो आपल्याला भेटत नाही. तरीही आज मी त्याच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जिगवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या कृत्रिम आमिषावर, आणि गळाच्या दांडी-दोरीवर बोलणार आहे, कारण झाडोऱ्यात दडलेला मासा गळाने बाहेर कसा काढायचा, या प्रश्नाचा तिकडच्या बास पकडणाऱ्या मंडळींनी जो बारीक विचार केला आहे, तो आपल्याकडे मरळीच्या मागे हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. आपल्या मुळा-मुठेला ग्रासणारी जलपर्णी फ्लोरिडातल्या तळ्यांनाही छळते. ती दोन्हीकडे परकीच, दक्षिण अमेरिकेतून आलेली, आणि तिच्या सावलीत दबा धरून बसण्याची बासची सवय आपल्या मरळीच्या सवयीशी पुष्कळ जुळते.

अमेरिकेत राहत असताना पहिल्या वर्षी मी मोकळ्या पाण्यासाठीची हलकी दांडी आणि बारीक नायलॉनची दोरी घेऊन लव्हाळ्यात जिग सोडली. मासा लागला, त्याने तीन-चार लव्हाळ्यांभोवती वेढे घेतले आणि दोरी तुटली. मासा हुकला याचे मला फारसे वाटले नाही, पण माझा हूक तोंडात घेऊन तो गेला, हे मात्र फार लागले. तेव्हापासून साहित्य निवडताना मासा कशाला भुलेल हे मी नंतर पाहतो, आणि तो ज्या आडोशात बसला आहे तिथून त्याला अखंड दोरीने बाहेर आणता येईल का, हे आधी पाहतो.

जिग म्हणजे हुकाच्या दांड्यावर ओतलेले शिशाचे किंवा टंगस्टनचे डोके, त्याला सिलिकॉनच्या धाग्यांचा झालर असलेला स्कर्ट आणि हुकावर मागून ओवलेला मऊ प्लास्टिकचा ट्रेलर. हा ट्रेलर बहुधा गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारखा दिसतो. आडोशासाठी जिग घेताना दुकानात सर्वांचे लक्ष रंगाकडे जाते, पण खरी पारख डोक्याच्या आकाराची करायला हवी. डोके निमुळते असेल आणि दोरी बांधण्याचा डोळा अगदी नाकाशी असेल, तर जिग गवतातून सरपटत निघते. डोळा डोक्याच्या वर असेल तर त्याच्या मागे गवताची जुडी साठते. फुटबॉलच्या आकाराचे डोके खडकाळ तळावर उत्तम चालते, गवतात ते अडकते. बुडालेल्या फांद्यांसाठी बाजूंनी किंचित चपटे डोके बरे, कारण ते फांदीवरून घरंगळते.

हुकाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा जो झुपका असतो, त्याला वीड गार्ड म्हणतात, आणि माझ्या मते जिगमधला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. नव्या जिगमध्ये तो बहुधा गरजेपेक्षा ताठ येतो. अंगठ्याने दाबून पाहावे, बेताच्या दाबाने टोक उघडे पडत नसेल तर काही तंतू कापून काढावेत, उरलेले जरा पसरावेत आणि हुकाच्या टोकाच्या किंचित पुढे राहतील एवढेच ठेवावेत.

वजन ठरवताना माशाचा विचार करू नका, आडोशाच्या दाटपणाचा करा. विरळ लव्हाळ्यात सुमारे १० ग्रॅम पुरतात, सर्वसाधारण झाडोऱ्यात १४ ग्रॅम, आणि जलपर्णीचा गालिचा भेदून खाली जायचे असेल तर २८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक लागतात. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे पावणेदोनपट घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचे डोके लहान राहते आणि फटीतून सहज उतरते. ते महाग पडते, पण पाण्यात शिसे सोडून येणे मला पटत नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने लहान शिशाच्या जिगांवर बंदी घातली, ती गिळून पाणपक्षी मरतात म्हणूनच.

आता दांडी, दोरी आणि हूक यांचे नाते पाहू. झाडोऱ्यात हूक जाड तारेचा, ४/० किंवा ५/० मापाचा हवा, कारण बारीक तार ताण आल्यावर सरळ होते. पण जाड हूक तोंडात रुतवायला जोर लागतो, तो जोर पोचवायला न ताणणारी दोरी लागते, आणि त्या दोरीला साथ द्यायला सव्वासात ते साडेसात फुटांची, टोकाशीच वाकणारी जड दांडी लागते. यातली एक कडी मऊ राहिली तरी बाकीच्या कड्यांवरचा खर्च वाया जातो. म्हणूनच २ किलोच्या माशासाठी ५० ते ६५ पौंडांची, म्हणजे साधारण २३ ते ३० किलोंचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी वापरतात. माशाबरोबर त्याच्या अंगावर गुंडाळलेले गवतही ओढायचे असते, आणि विणलेली दोरी ओल्या देठांना कापत जाते. लाकडात मात्र ती रुतून बसते. तिथे २० ते २५ पौंडांची फ्लोरोकार्बन, म्हणजे एकाच अखंड तंतूची, दोरी बरी. ब्रेडेड दोरीला पालोमार गाठ, म्हणजे दोरी दुहेरी करून डोळ्यातून ओवून मारायची गाठ, मारावी.

जवळच्या आडोशात जिग हळूच उतरवण्याची फ्लिपिंगची पद्धत कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. जिग पाण्यात पडताना आवाज होऊ द्यायचा नाही, आणि ती बुडत असताना दोरीवरून नजर काढायची नाही. बास पुष्कळदा जिग खाली जात असतानाच घेतो. दोरी आचके देते, बाजूला सरकते किंवा तळ येण्याआधीच सैल पडते. त्या क्षणी सैल दोरी गुंडाळून झटका द्यावा आणि माशाचे तोंड पाण्यावर येईपर्यंत दम घेऊ नये.

आपल्याकडे मरळीसाठी बेडकाच्या आकाराचा लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, अधिक चालतो, कारण ती हवा घ्यायला वर येते आणि पृष्ठभागावर झडप घालते. दांडी, दोरी आणि हूक यांचे गणित मात्र तेच राहते, उलट तिचा जबडा हाडाळ असल्यामुळे ते अधिक काटेकोर पाळावे लागते. पावसाळ्यात गवताच्या कडेला लालसर पिलांचा थवा पाण्यावर बुडबुडताना दिसला, तर त्याखाली राखण करणारे आईबाप असतात आणि ते लूरवर हमखास धावून येतात. अशा जागी मी गळ टाकत नाही, कारण राखणदार उचलला की उरलेली पिले काही वेळातच दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.