रुग्णाच्या आधी त्याची नोंद पोचावी

श्रोतेहो, नमस्कार.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि दवाखान्यांच्या कपाटांतल्या कागदी फायलींचा लगदा झाला. शहर सोडून गेलेली माणसं दुसऱ्या राज्यांतल्या डॉक्टरांसमोर बसली, तेव्हा अनेकांच्या हातात एक कागदही नव्हता. कॅन्सरचे उपचार अर्ध्यावर राहिलेल्यांना केमोथेरपीच्या किती फेऱ्या झाल्या, कोणत्या औषधाच्या झाल्या, हे आठवून सांगावं लागत होतं. त्याच शहरातल्या माजी सैनिकांचं मात्र असं झालं नाही. त्यांच्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी वादळाच्या कितीतरी आधीपासून संगणकावर होत्या. थोड्याच दिवसांत त्या दूरच्या राज्यांतल्या डॉक्टरांना उघडून वाचता आल्या.

वादळ काही रोज येत नाही. माणसं मात्र रोज हलतात. कुणी नोकरीसाठी दुसऱ्या प्रांतात जातं, कुणाला मोठ्या ऑपरेशनसाठी लांबच्या रुग्णालयात पाठवतात, कुणी मुलाकडे राहायला गेलेलं असताना आजारी पडतं. माणूस पोचतो, फाइल मागे राहते. मग डॉक्टर विचारतात, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आणि उत्तर येतं, "सकाळी एक छोटी पांढरी, रात्री एक गुलाबी."

आता समजा, ती पांढरी गोळी रक्त पातळ करणारी आहे आणि या माणसाला अर्धांगाचा झटका आलाय. त्याला बोलता येत नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. पण रक्त पातळ करणारं औषध अंगात असेल, तर त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर अनुभवी आहेत, औषध हाताशी आहे, यंत्रं आहेत. एका ओळीची माहिती तेवढी नाही, आणि ती दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याच्या संगणकात व्यवस्थित पडून आहे. सामायिक आरोग्य नोंदी, म्हणजे एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या दवाखान्यात उघडता येणं, कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी ही ओळ दाखवीन. तीच रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही, एक्स-रे परत काढावा लागत नाही, हेलपाटे वाचतात, हे सगळे फायदे खरेच आहेत. माझ्या लेखी त्यांचा नंबर नंतर लागतो.

मग हे सगळीकडे का झालं नाही? संगणक तर केव्हाच आले. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर सरकारने रुग्णालयांना अनुदान दिलं आणि काही वर्षांतच जवळपास सगळीकडे इलेक्ट्रॉनिक नोंदी सुरू झाल्या. पण एका कंपनीच्या प्रणालीतली नोंद दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत उघडेना. कितीतरी ठिकाणी कागद फॅक्सनेच जात राहिले. शेवटी २०१६ मध्ये, माहिती अडवून धरणाऱ्यांना चाप लावण्यासाठी वेगळ्या कायद्यात तरतूद करावी लागली.

अडचण किती बारीक असते, ते पाहा. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅममध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोलमध्ये. एका रिपोर्टवर १२६ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ७. दोन्ही आकडे एकाच साखरेचे आहेत, आणि उपाशीपोटी केलेल्या तपासणीत मधुमेहाची रेघ नेमकी तिथेच आखलेली आहे. आकडा पुढे गेला आणि एकक मागे राहिलं, तर पुढच्या संगणकाच्या आलेखात या माणसाची साखर एका दिवसात कोसळलेली दिसेल. तपासण्यांच्या आणि आजारांच्या नावांचंही तसंच. एकच तपासणी पाच ठिकाणी पाच नावांनी लिहिली जाते. म्हणून तपासण्यांसाठी लॉइंक, आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड अशा संकेतावल्या, म्हणजे प्रत्येक गोष्टीला एकच ठरलेला संकेत देणाऱ्या याद्या, तयार झाल्या, आणि एका प्रणालीतून दुसरीकडे माहिती कशी पाठवायची हे ठरवणारं फायर नावाचं मानक आलं. ही नावं आपण पाठ करायची गरज नाही. पण आपल्या भागात नवी प्रणाली विकत घेतली जात असेल, तर ती ही मानकं पाळते का, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारला गेला पाहिजे. नंतर तो फार महागात पडतो.

हे काम ज्यांना जमलं, त्यांनी लहान घास घेतला. डेन्मार्कने १९९४ मध्ये सुरुवात केली ती औषधाची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा निकाल, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद अशा रोजच्या गोष्टींपासून. त्यांचे नमुने सगळ्यांसाठी एकच ठरवले. इंग्लंडने २००२ मध्ये एकदम साऱ्या देशासाठी प्रचंड योजना हाती घेतली. ती २०११ मध्ये मोडीत काढावी लागली. त्यातून जे टिकलं त्यात एक छोटी सारांश नोंद होती: चालू औषधं, अॅलर्जी, पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला होता. बेशुद्ध रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला आधी हेच तर हवं असतं! फिनलंडच्या डॉक्टरने लिहिलेली इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी जानेवारी २०१९ पासून एस्टोनियातल्या औषधाच्या दुकानात चालू लागली. मधे समुद्र आहे, भाषा वेगळी आहे, तरी गोळी तीच मिळते. युरोपीय संघाचा आरोग्य माहितीचा कायदा मार्च २०२५ मध्ये लागू झाला, त्यातही क्रम असाच आहे. सारांश नोंद आणि औषधांच्या चिठ्ठ्या २०२९ पर्यंत, तपासण्यांचे निकाल आणि स्कॅनच्या प्रतिमा २०३१ पर्यंत.

आता भीतीबद्दल. ती मला अगदी रास्त वाटते. फिनलंडमध्येच २०२० मध्ये एका खासगी मानसोपचार संस्थेतल्या रुग्णांच्या नोंदी चोरल्याचं उघड झालं आणि चोराने थेट रुग्णांकडे खंडणी मागितली. माणसाने बंद दाराआड सांगितलेलं दुःख होतं ते. ऑस्ट्रेलियात 'नको' म्हणणाऱ्यांना वगळून बाकी सर्वांची इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करायचं ठरलं, तेव्हा २५ लाखांहून अधिक लोकांनी 'नको' सांगितलं. तिथे २०१८ मध्ये कायदा कडक करावा लागला आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना नोंद देण्यावर बंदी आली. अशा वेळी "घाबरू नका" एवढं सांगून भागत नाही.

एस्टोनियाने २००८ च्या अखेरीस देशभराची प्रणाली सुरू केली. तिथे प्रत्येकाला आपली नोंद तर दिसतेच, शिवाय ती कुणी आणि कधी उघडली हेही दिसतं. कारण नसताना एखाद्याने डोकावलं, तर त्याला जाब विचारता येतो. कुलूप कितीही चांगलं असलं तरी चावी अनेकांकडे असणारच, कारण उपचार अनेकजण करतात. म्हणून चावी कुणी वापरली हे मालकाला कळणं, ही अट मी कोणत्याही प्रणालीसाठी पहिली ठेवीन. रुग्ण या नोंदीचा मालक आहे, हे एकदा मान्य केलं की बाकीचे बरेच नियम आपोआप सरळ होतात.

रुग्णाने स्वतःची नोंद वाचण्याला सुरुवातीला डॉक्टरांचाच विरोध होता. स्वीडनमधल्या उप्साला परगण्यात २०१२ मध्ये ही सोय झाली, तेव्हा रुग्ण घाबरतील, फोन वाजत राहतील, असं तिथल्या अनेक डॉक्टरांना वाटत होतं. सोय थांबली नाही, पुढे ती देशभर पोचली.

आणि वाचायला हवंच, कारण चुकीची नोंदही बरोबर नोंदीइतक्याच वेगाने सगळीकडे पोचते. पेनिसिलिनची अॅलर्जी घ्या. लहानपणी अंगावर पुरळ आलं, कुणीतरी 'अॅलर्जी' असं लिहिलं, आणि ते आयुष्यभर चिकटलं. अशी नोंद असलेल्यांची नीट तपासणी केली, तर दहापैकी जवळपास नऊ जणांना ती अॅलर्जी नसतेच. पण नोंद आहे तोवर त्यांना साधं, चांगलं औषध मिळत नाही. त्याऐवजी जास्त प्रकारच्या जंतूंना मारणारं आणि अनेकदा महाग प्रतिजैविक दिलं जातं. तेव्हा आपली इलेक्ट्रॉनिक नोंद पाहायची सोय मिळाली, तर आधी दोन रकाने उघडा: अॅलर्जी आणि चालू औषधं. बंद केलेली गोळी अजून यादीत आहे का? मात्रा बरोबर आहे का? अॅलर्जी लिहिली असेल, तर नेमका काय त्रास झाला होता हे सोबत लिहिलंय का? काही चुकलेलं दिसलं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

नमस्कार.