वाहता कान आणि मेंदूतलं गळू

नमस्कार, श्रोतेहो.

‘लहान मुलांचा कान वाहायचाच, मोठं झालं की थांबेल,’ असं म्हणून कापसाचा बोळा आणि कोमट तेलावर वेळ मारून नेली जाते. कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळसा पडदा असतो. दुर्गंधी येणारा पू महिनोन्‌महिने वाहत राहिला, तर तो पडदा पोखरला जातो आणि मेंदूत गळू होऊ शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

1876 साली ग्लासगोत विल्यम मॅकएवन या सर्जननी अकरा वर्षांच्या मुलाच्या झटक्यांवरून आणि गेलेल्या वाचेवरून गळूची नेमकी जागा सांगितली होती. तेव्हा क्ष-किरणही नव्हते. घरच्यांनी ऑपरेशनला नकार दिला. मूल गेल्यावर पू त्याच जागी सापडला.

आता सीटी स्कॅन, एमआरआय आहेत. अडतं ते संशय येण्यापाशी. ताप असेलच असं नाही. डोकं दुखतं, सकाळी उलटी होते, घरचे पित्त समजतात. गळू लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागात असेल, तर मूल पेला धरायला जातं आणि हात पेल्याच्या बाजूला पडतो. चालताना तोल जातो. अशा वेळी पाठीतून पाणी काढण्याची घाई धोक्याची. आधी स्कॅन हवा. आपल्याकडे क्षयाची गाठही स्कॅनवर कड्यासारखीच दिसते, म्हणून बऱ्याचदा एमआरआय लागतो.

गळू मोठं असेल तर कवटीला लहानसं छिद्र पाडून सुईने पू काढतात आणि तपासायला पाठवतात. शिरेतून अँटिबायोटिक्स सहसा सहा ते आठ आठवडे द्यावी लागतात. आठवड्याभरात मूल हसायला लागतं, आणि घरच्यांना डिस्चार्जची घाई होते. डॉक्टर म्हणून मी तेव्हा हट्टाने नाही म्हणतो. कानाचं मूळ दुखणंही काढावं लागतं, नाहीतर गळू पुन्हा होतं.

ओठ-नखं निळी पडणारी, खेळता खेळता उकिडवी बसणारी हृदयरोगी मुलंही या धोक्यात असतात. त्यांचं काही रक्त फुप्फुसात न गाळता थेट मेंदूकडे जातं, सोबत जंतूही. किडक्या दातांतूनही जंतू रक्तात शिरतात, म्हणून त्यांचे दात दुर्लक्षू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं आणि कान, हृदय दोन्ही तपासतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि कान वाहतो हे आपणहून सांगा.