दरवाजा कुणी उघडायचा?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अभियंता ते दिवाण : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या’. हे नाव संयोजकांनी दिलंय. मला बोलायचंय ते त्यांच्या राजीनाम्यावर. 1918 साली या माणसानं म्हैसूरचं दिवाणपद सोडलं. का सोडलं, आणि ते कारण कोल्हापुरात उभं राहून सांगायला जरा छाती का लागते, एवढंच सांगणार आहे. पण तिथवर जायला धरणावरनं जावं लागतं. पाऊण तास दिलाय, पुरेल. प्रत्येक व्याख्यानात मी हे म्हणतो, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

जुलै लागला की इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा दोन आकडे पाठ असतात, 39 आणि 43. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले काय?’ कुणी उघडले, असं कोणच विचारत नाही. कारण ते सात दरवाजे उघडायला माणूस लागतच नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्याच्याच जोरावर वजनाचा समतोल ढळतो, दरवाजा उघडतो आणि एका दरवाजातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी भोगावती नदीत जातं. पातळी उतरली की आपला आपण मिटतो. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, पण दरवाजे बसले ते विश्वेश्वरय्यांच्या जातीचे. जात म्हणजे तांत्रिक जात म्हणतोय मी. दुसऱ्या जातीकडं पुढं वळायचंच आहे. (हशा)

या जातीचा मूळपुरुष खडकवासल्याला. 1903 साल. जुन्या धरणाच्या सांडव्यावरनं पाणी वाया जात होतं. भिंतीला हात न लावता विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले आणि सुमारे आठ फूट जादा पाणी अडवलं. तसा हा माणूस निम्मा आपलाच. जन्म मुद्देनहळ्ळीचा, पण इंजिनिअरिंग पुण्याला. 1884 पासून नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. नाशिक, खानदेश, पुणे असा फिरलेला. सिंधू नदीचं पाणी गाळून सक्करला प्यायला दिलं, तेही याच नोकरीत.

आता जरा माझं ऐका. मी पाटबंधाऱ्यातला. एका धरणावर शाखा अभियंता होतो. धरणाचं नाव विचारू नका. तिथले दरवाजे मोटरवर चालणारे, आणि मोटर विजेवर, आणि वीज पावसाळ्यात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. एका ऑगस्टात रात्री अडीच वाजता मी आणि आमचा चौकीदार छत्रीत उभे. गेज पट्टीवर बॅटरी मारायची, आकडा रजिस्टरात लिहायचा. रजिस्टरची पानं ओलसर, पेन उमटत नाही, म्हणून कानाला लावलेली त्याची पेन्सिल. दर पंधरा मिनिटांनी बोटभर पाणी चढतंय. नियम सांगतो, या पातळीला विसर्ग सुरू करा. तेवढ्यात फोन. धरणाखालचे एक पुढारी. ‘साहेब, आमच्या लोकांचा ऊस पाण्यात जाईल, सकाळपर्यंत थांबा.’ ठेवतोय तोवर दुसरा. धरणाच्या वरच्या अंगाचे पुढारी. ‘बॅकवॉटर आमच्या घरात शिरतंय, आत्ताच्या आत्ता सोडा.’ मी दोघांनाही एकच म्हणालो, ‘लेखी द्या.’ लेखी कोण देतंय! मग वरिष्ठांचा फोन. ते म्हणाले, ‘परिस्थिती बघून निर्णय घ्या.’ मंडळी, सरकारी भाषेत याचा अर्थ, चुकलं तर तुमचं. आमचा चौकीदार ते सगळं ऐकत होता. शांतपणे म्हणाला, ‘साहेब, पाण्याला फोन लागतोय काय बघा की.’

नियमाप्रमाणं दरवाजे उचलले. जनरेटर तिसऱ्या दमात सुरू झाला. माणूस दगावला नाही, जनावर दगावलं नाही. दोन महिन्यांनी माझी बदली झाली, कारण ‘प्रशासकीय’. तीस वर्षं झाली, तो शब्द अजून घशात अडकलाय. त्या रात्रीपासनं मला विश्वेश्वरय्यांचं वेड लागलं. ज्या दरवाजाला फोन येत नाही, तो दरवाजा या माणसानं केला.

त्यांच्याविषयी दोन मेणबत्त्यांची गोष्ट फिरत असते. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती, घरच्या कामाला घरची. ही गोष्ट मी निदान चार थोरांच्या नावावर ऐकलीय, त्यातले एक चाणक्य. मेणबत्तीवर माणूस मोजू नका. कृष्णराजसागर बघा. धरण कमी उंचीलाच मंजूर होईल अशी लक्षणं होती. या गृहस्थानं पाया मात्र पूर्ण उंचीचा धरला. राजकारण म्हणतात ते हे.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरं.

तर दिवाणगिरी भराभर सांगतो. 1908 ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, तिथल्या पूरनियंत्रणाचं काम केलं. 1909 ला म्हैसूरचे मुख्य अभियंता, 1912 ला दिवाण. 1913 ला म्हैसूर बँक, 1916 ला म्हैसूर विद्यापीठ, चंदनतेलाचा कारखाना, भद्रावतीच्या लोखंडाची तयारी. तुमच्या न्हाणीतला तो चंदनी साबण त्याच घराण्यातला.

आणि 1918. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचा भरणा. ब्राह्मणेतरांनी वाटा मागितला. महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियारांनी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांची समिती नेमली. दिवाणांचं म्हणणं, शिक्षण द्या, सवलती द्या, पण नेमणुकीला गुणवत्ता हाच निकष हवा. पटलं नाही, पद सोडलं. बाहेर दसरा चौकात शाहू महाराज उभे आहेत. त्यांनी 26 जुलै 1902 ला हुकूम काढून निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, म्हैसूरच्या सोळा वर्षं आधी. आत मी या दिवाणांचे गोडवे गातोय. जाताना महाराजांची नजर चुकवूनच जावं लागेल.

ज्या मुद्द्यासाठी आलो तो आता दोन मिनिटांत. विश्वेश्वरय्या लबाड नव्हते. त्यांना गुणवत्ता त्या दरवाजासारखी वाटत होती. पाणी पातळीला आलं की उघडेल, कुणाचा कोण हे बघणार नाही. पण राधानगरीचा दरवाजा कुठल्या पातळीला उघडायचा, हे दरवाजा ठरवत नाही. ते आधी कुणीतरी ठरवून, मोजून, वजनं टांगून ठेवलेलं असतं. म्हैसुरात ती पातळी पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या घरांनी ठरवलेली होती. दिवाण स्वतः त्याच घरांतले, म्हणून त्यांना ती निसर्गाची वाटली. शाहू महाराज इंजिनिअर नव्हते. त्यांनी सरळ जाऊन वजनं बदलली. आणि 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणजे पाणी वरनंच यावं. दिवाण ज्या शिक्षणाची वाट बघा म्हणत होते, ते महाराजांनी केलंच, पण वाट बघत बसले नाहीत.

यावर अजून अर्धा तास बोलता आलं असतं, पण तो अर्धा तास माझ्या बदलीनं खाल्ला. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न चहाच्या टेबलापाशी घेतो. फक्त एक, माझ्या त्या धरणाचं नाव विचारणारा पहिला प्रश्न मी नेहमीसारखा ऐकू आला नाही असं करणार आहे.